लायब्ररी? भाजी मार्केटच्या शेजारी!

घराजवळ एक लायब्ररी हवी, यावर सगळ्यांचं एकमत. पण ती नेमकी कुठे हवी, असं विचारलं की सुरू होते जुंपाजुंपी. शाखा-वाचनालयाची जागा निवडायचा फंडा नेमका आहे तरी काय?

शनिवारची सकाळ. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचं एक उडपी हॉटेल. टेबलाभोवती आम्ही सहा जण. पाच जण आयटी, बँक आणि मीडिया असं कायकाय करणारे आणि सहावी एका मित्राची आई. काकू खरं तर भाजी घ्यायला निघाल्या होत्या, मुलाबरोबर आत शिरल्या इतकंच. विषय होता आपल्या भागात सार्वजनिक लायब्ररीची एखादी शाखा यावी, त्यासाठी नगरसेवकांपासून ग्रंथालयाच्या कार्यकारिणीपर्यंत सगळ्यांना भेटायचं. इडली यायच्या आत ठराव पास!

मग कोणीतरी विचारलं, "कुठे?" आणि संपलंच.

एक म्हणाला, "आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लब हाउसमध्ये. एसी आहे, पार्किंग आहे, सिक्युरिटी आहे." दुसरी म्हणाली, "आतल्या रस्त्याच्या टोकाला एक जण जागा द्यायला तयार आहे. फुकट! शांत आहे, झाडं आहेत, वाचायला मस्त." फिल्टर कॉफी थंड होईपर्यंत यावर वाद. शेवटी काकू पिशवी उचलत म्हणाल्या, "भाजी मार्केटच्या शेजारी काढा रे, मी रोज येईन."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. आणि नंतर आठवडाभर हे प्रकरण शोधत बसले, तेव्हा कळलं की त्या टेबलावर लायब्ररीतलं खरं कोणाला कळत असेल, तर ते काकूंना.

बाबांची पाच मिनिटं

मी लहान असताना आमच्या उपनगरातली लायब्ररी स्टेशनला चिकटून होती. बाहेर पडलं की आधी फूलवाली, मग वडापावची गाडी, मग लायब्ररी. बाबा ऑफिसातून येताना पुस्तक बदलून यायचे. लोकल वेळेवर आली तर पाच मिनिटं जास्त रेंगाळायचे, लेट झाली तर दारातूनच पुस्तक टाकून नवं उचलायचे. माझी पहिली शंभरेक पुस्तकं अशीच घरी आली, बाबांच्या डब्याच्या पिशवीतून.

मग इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि लायब्ररीला नवी जागा मिळाली. आधीपेक्षा मोठी, नव्या रॅकची, चकाचक. फक्त ती दोन गल्ल्या आत होती, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टची. उद्घाटनाला पुष्पगुच्छ, भाषणं, फोटो, सगळं झालं. बाबा दोन महिने गेले. मग "उद्या जाऊ" सुरू झालं. पुस्तकं तीच होती, काउंटरवरच्या बाई त्याच होत्या, वर्गणीही तीच. बदलला होता फक्त पत्ता. काही वर्षांनी ती शाखा बंद झाली, आणि सगळे हळहळत म्हणाले, "हल्ली लोक वाचतच नाहीत."

हे वाक्य मला तेव्हाही खटकलं होतं. लोक वाचत होते. त्यांना तीन मजले चढायचे नव्हते, एवढंच.

गणिताच्या मास्तरांचं गणित

ही गोष्ट एका माणसाने फार आधी ओळखली होती. डॉ. एस. आर. रंगनाथन. मूळचे गणिताचे प्राध्यापक, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांचा जन्मदिवस, 12 ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. पहिला नियम अगदी साधा: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. यात काय विशेष, असं वाटेल. पण या नियमाच्या चर्चेत त्यांनी ग्रंथालयाच्या जागेचा मुद्दा अग्रक्रमाने घेतलाय. पुस्तकं जपून ठेवायची असतील तर ती गावाबाहेर ठेवा, वापरायची असतील तर माणसं जिथे येतात-जातात तिथे आणा. चौथा नियम म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. म्हणजे पुन्हा बाबांची ती पाच मिनिटंच!

तिकडे अमेरिकेत बाल्टिमोरचे ग्रंथपाल जोसेफ व्हीलर हेच सांगत होते. त्यांच्या कारकिर्दीत 1933 मध्ये तिथल्या इनॉक प्रॅट लायब्ररीची नवी मध्यवर्ती इमारत उघडली. त्या काळी लायब्ररी म्हणजे देवळासारखे खांब आणि दमवणाऱ्या पायऱ्या. आपल्या मुंबईतला एशियाटिकचा टाउन हॉल आठवा, फोटोला झकास, गुडघ्यांना नाही. व्हीलरनी दार थेट फुटपाथच्या पातळीवर आणलं आणि दर्शनी भागात डिपार्टमेंट स्टोअरसारख्या काचेच्या शो-विंडो लावून त्यात पुस्तकं मांडली. पुढे 1958 मध्ये लायब्ररीच्या जागेवर त्यांनी एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. तिचं सार असं, की चलाख दुकानदार जिथे दुकान टाकेल, तिथे लायब्ररी टाका.

बाजारात मांडलेली पुस्तकं

दुकानदाराची ही नजर खऱ्या अर्थाने वापरली ती लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागाने. हा पूर्व लंडनचा कष्टकरी वस्तीचा इलाका, बांगलादेशातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती असलेला. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या लायब्रऱ्या ओस पडल्या होत्या. कौन्सिलने तज्ज्ञांना विचारण्याआधी रहिवाशांना विचारलं, तुम्ही लायब्ररीत का येत नाही? उत्तर आलं ते थेट आमच्या काकूंचं. खरेदीला जातो तिथेच लायब्ररी असेल तर येऊ!

कौन्सिलने ते मनावर घेतलं. जुन्या शाखांऐवजी बाजारपेठांना लागून नव्या शाखा उभ्या राहिल्या. नाव 'आयडिया स्टोअर', म्हणजे नावातच दुकान! पहिलं बो इथे 2002 मध्ये, मग 2004 मध्ये क्रिस्प स्ट्रीटच्या बाजारात. 2005 मध्ये व्हाइटचॅपलला आर्किटेक्ट डेव्हिड अजाये यांनी रंगीत काचांच्या पट्ट्यांची इमारत बांधली. दारासमोर फुटपाथवर भाजी-कपड्यांचे स्टॉल, शेजारी सुपरमार्केट. पुस्तकांच्या जोडीला आत प्रौढांसाठी क्लासेस आणि कॅफे.

सिंगापूर तर थेट मॉलमध्ये शिरलं. 1999 मध्ये ऑर्चर्ड रोडच्या शॉपिंग सेंटरमध्ये तरुणांना समोर ठेवून 'लायब्ररी अॅट ऑर्चर्ड' उघडली. 2019 मध्ये व्हिवोसिटी या प्रचंड मॉलमध्ये आणखी एक, तीही समुद्र दिसणारी. पण या कथेला एक 'पण' आहे. ऑर्चर्डची ती शाखा 2007 मध्ये बंद झाली आणि त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या मॉलमध्ये पुन्हा उघडायला 2014 साल उजाडलं. गर्दीच्या ठिकाणी भाड्याने राहायचं, तर हा धोका डोक्यावर असतोच. म्हणजे गर्दी हवी, पण पायाखालची जमीनही शक्यतो आपली हवी.

फ्लॅट नको रे बाबा!

"मग मार्केटजवळचा एखादा थ्री-बीएचके घेऊ ना," हा पुढचा सल्ला. इथे आडवं येतं पुस्तकांचं वजन. आपल्याकडच्या आयएस 875 या मानकानुसार राहत्या घराची जमीन चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून डिझाइन करतात. पुस्तकांचे रॅक दाटीने लावलेल्या खोलीसाठी तोच आकडा 600 किलोच्या आसपास जातो, म्हणजे तिप्पट! त्यामुळे राहत्या फ्लॅटमध्ये रॅक उभे करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवणं मस्ट.

मग तळमजला बेस्ट? चिपळूणला विचारा. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं. 2005 च्या पुरात त्याचं मोठं नुकसान झालं, त्यातून ते उभं राहिलं, आणि 22 जुलै 2021 ला पुन्हा वाशिष्ठीचं पाणी शिरलं. तेव्हा जागा बघायला जाताना भर जुलैत जावं. पाणी कुठवर चढतं, हे शेजारच्या किराणावाल्याइतकं अचूक कोणी सांगत नाही. उंच जोतं, रॅम्प आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा, एवढं तरी हवंच.

आणि गोंगाटाचं काय? यात खरं तर दोन वेगवेगळे वाचक आहेत. एक पुस्तक बदलून पळणारा, त्याला पाच मिनिटं पुरतात. दुसरा अभ्यासिकेत बसणारा, एमपीएससीवाला किंवा सीएवाला. घरी अभ्यासाला कोपरा नाही म्हणून तो दहा-दहा तास येऊन बसतो. पहिल्याला रस्ता हवा, दुसऱ्याला शांतता. एकाच इमारतीत काउंटर पुढे आणि अभ्यासिका मागे किंवा वर ठेवली की दोघं खूश. तेही जमलं नाही, तर अभ्यासिका एकवेळ गल्लीत चालेल. दहा तास बसणारा दहा मिनिटं चालतो. पाच मिनिटंवाला मात्र चालत नाही.

डोंगराची बाजू की खाडीची?

हे सगळं डोक्यात घेऊन मी पुन्हा घोडबंदर रोडवर उभी राहिले. ठाणे शहराची वाचनाची परंपरा जुनी, मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचं. पण ते जुन्या ठाण्यात. आणि शहर वाढलं ते इकडे, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असं. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधून हायवे. नकाशात दोन टॉवर समोरासमोर दिसतात, प्रत्यक्षात एकातून दुसऱ्यात जायला जीव मुठीत धरावा लागतो.

संध्याकाळी स्टेशनकडून येणारी बस डोंगराच्या बाजूला थांबते. म्हणजे खाडीकडे राहणाऱ्याला उतरून हायवे ओलांडायचाच असतो. लायब्ररी त्या ओलांडण्याच्या जागेवर असली, तर ती दोघांची. शंभर मीटर पुढे-मागे सरकली, की एकाच बाजूची. वडाळा-कासारवडवली मेट्रो 4 चा मार्गही याच रस्त्यावर आखलेला. स्टेशनचा जिना जिथे उतरतो, ती जागा म्हणजे आमच्या बाबांची जुनी लायब्ररीच!

क्लब हाउसचं काय? तिथे गेटवर रजिस्टर असतं. टॉवरच्या मागच्या चाळीतली मुलगी, वॉचमनचा मुलगा, आपल्याच घरी कामाला येणाऱ्या मावशी, यांच्यापैकी कोण त्या रजिस्टरमध्ये 'पुस्तक बदलायला' असं लिहून आत जाणार? 'सार्वजनिक' हा शब्द तिथेच संपतो. आणि टोकाची फुकट जागा? ती फुकट असते, कारण तिथे कोणी जात नाही.

कागदावरची लायब्ररी

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. ग्रंथालयं बहुतेक संस्था चालवतात, सरकार अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान देतं. ग्रंथालयासाठी वेगळा कर मात्र या कायद्यात नाही. त्यामुळे मोक्याची जागा विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची. तिथे उपयोगी पडतो शहराचा विकास आराखडा, म्हणजेच डीपी. शाळा, मैदान, दवाखाना यांच्यासारखं लायब्ररीसाठीही त्यात आरक्षण ठेवता येतं. पण एमआरटीपी कायद्याच्या कलम 127 नुसार दहा वर्षांत अशी जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या ठरावीक मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे लायब्ररी कागदावर जन्मते आणि कागदावरच मरते. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचना मागवतात. फ्लॅट बुक करताना आपण कार्पेट एरिया इंचाइंचाने मोजतो, मग ही एक शीट उघडून बघायला काय हरकत आहे?

चौकट: जागा बघायला निघालात?

* मंगळवारी संध्याकाळी सातला आणि शनिवारी सकाळी अकराला तिथे अर्धा तास उभे राहा. येणारी-जाणारी माणसं मोजा, गाड्या नाही.
* जवळच्या बसस्टॉपवरून एकदा आजीला घेऊन चालत जा. आजी कुठे थांबते, ते बघा.
* रस्त्यावरून दार दिसतं का? "कोणाला तरी विचारावं लागेल," असं उत्तर असेल तर जागा बाद.
* रात्री साडेआठला एकटी मुलगी तिथून बिनधास्त घरी जाईल का?
* पावसाळ्यात एक चक्कर माराच.
* जमिनीची ताकद इंजिनीअरकडून लेखी घ्या.
* भाडेकरार किती वर्षांचा, आणि मग काय, हे आधी विचारा.
* दहा वर्षांनी रॅक वाढवायला जागा उरेल का?

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा भेटलो. मी ही सगळी यादी वाचून दाखवली. क्लब हाउसवाला थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मार्केटच्या कोपऱ्यावर महापालिकेच्या इमारतीत वरचा मजला रिकामा दिसतो. लिफ्ट आहे का, बघून येतो." दुसरीने डीपी शीट डाउनलोड करायचं अंगावर घेतलं. शाखा येईल की नाही, माहीत नाही. अर्ज, बैठका, हेलपाटे, सगळं बाकी आहे.

काकू या वेळी आल्या नव्हत्या. मंडईत गेल्या होत्या. त्यांना फोन केला तर मागे मेथीवाल्याचा आरडाओरडा. म्हणाल्या, "इथेच उभी आहे बघ. आत्ता लायब्ररी असती, तर पुस्तक बदलूनच घरी गेले असते."