रेटिंगच्या पलीकडचा क्वार्टरबॅक
कॉलेज फुटबॉल समजून घेताना : भाग ६

चार डाउनमध्ये दहा यार्ड, हे गणित गेल्या भागात झालं. ते मैदानावर सोडवायचं काम क्वार्टरबॅकचं, आणि अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे वाद सर्वात जास्त रंगतात तेही त्याच्यावरूनच. हा मोठा की तो?

वादात पहिल्यांदा पुढे येतं ते पासर रेटिंग. पासवर मिळालेल्या प्रत्येक यार्डाला ८.४ गुण, पूर्ण झालेल्या पासला १००, टचडाउनला ३३०. प्रतिस्पर्ध्याने पास पकडला, म्हणजे इंटरसेप्शन झालं, तर २०० वजा. आलेल्या बेरजेला एकूण पासच्या संख्येने भागायचं. सूत्र सुटसुटीत आहे, पण त्यात क्वार्टरबॅकने स्वतः पळून काढलेला एकही यार्ड धरलेला नाही. समोर कोणता संघ होता, याचीही दखल नाही.

पळून काढलेल्या यार्डांकडे होणाऱ्या या दुर्लक्षाचा सर्वात बोलका दाखला म्हणजे ४ जानेवारी २००६चा रोझ बोल सामना. टेक्सासचा व्हिन्स यंग आणि यूएससीचा मॅट लायनर्ट समोरासमोर. लायनर्टने ४०पैकी २९ पास पूर्ण केले, ३६५ यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन. यंगचे ४०पैकी ३० पास, २६७ यार्ड आणि पासवर टचडाउन एकही नाही. सूत्रात घालून पाहा: लायनर्ट १५२, यंग १३१. आणि सामना? टेक्सासने ४१-३८ असा जिंकला. यंगने पळून २०० यार्ड आणि तीन टचडाउन काढले. शेवटचं टचडाउन आलं तेव्हा १९ सेकंद उरले होते, चौथा डाउन होता. पास द्यायला कोणी मोकळं नाही, हे दिसताक्षणी यंग उजवीकडे पळत सुटला आणि थेट एंड झोनमध्ये पोचला. त्या रात्री मैदानावरचा श्रेष्ठ खेळाडू कोण होता, याबद्दल दुमत असायचं कारण नाही.

निव्वळ बेरजेचंही तेच. एका हंगामात सर्वाधिक टचडाउन पासचा विक्रम बेली झॅपीचा आहे: वेस्टर्न केंटकीकडून २०२१मध्ये ६२, शिवाय ५,९६७ यार्ड. एलएसयूचा जो बरो २०१९मध्ये ६० टचडाउन आणि ५,६७१ यार्डांवर थांबला, पण त्याच्यासमोर अलाबामा, जॉर्जिया, क्लेमसन होते आणि एलएसयूने पंधराच्या पंधरा सामने जिंकले.

खरी अवघड तुलना बरो आणि मॅक जोन्स यांची. अलाबामाच्या जोन्सचं २०२०चं रेटिंग २०३.१, बरोचं २०२.०. दोघांचे संघ अपराजित, दोघांचे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, अव्वल. क्वार्टरबॅकला संरक्षण देणारी त्यांची ऑफेन्सिव्ह लाइनही आपापल्या वर्षी देशात सर्वोत्तम ठरली होती. म्हणजे ‘त्याला साथ चांगली होती’ हा आक्षेप दोघांनाही सारखाच लागू पडतो.

मग फरक कुठे? सप्टेंबर २०१९मधला टेक्सासविरुद्धचा ऑस्टिनमधला सामना पाहा. एलएसयू ३७-३१ अशी पुढे, साधारण अडीच मिनिटं उरलेली, तिसरा डाउन आणि आणखी १७ यार्ड हवे. टेक्सासने ब्लिट्झ केला, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं थेट क्वार्टरबॅकवर सोडली. बरो मागे पळाला नाही. गर्दीतच पुढे सरकला, बाजूला झाला आणि अंगावर माणूस येत असताना जस्टिन जेफरसनला पास दिला. ६१ यार्ड, टचडाउन. दुबळ्या संघाविरुद्ध निवांत उभं राहून दिलेल्या ६१ यार्डांच्या टचडाउन पासलाही सूत्र नेमके एवढेच गुण देतं.

आखलेली चाल बिनचूक पार पाडण्यात जोन्स कुणाला हार जाणारा नव्हता, आणि ते कौशल्य मी मुळीच कमी लेखत नाही. पण चाल मोडल्यावर जागच्या जागी नवी चाल उभी करणं बरोला जमत होतं. शिवाय त्या हंगामात त्याने पळूनही ३६८ यार्ड काढले. कॉलेजच्या हिशेबात सॅकमध्ये, म्हणजे पास देण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं तर, गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात. हा आकडा ते वजा करून उरलेला आहे. म्हणून माझा कौल बरोला.

पुढचा सामना बघाल तेव्हा तिसऱ्या डाउनला चेंडूमागे नजर धावू देऊ नका. आधी क्वार्टरबॅकचे पाय बघा: दबाव आला की ते पुढे सरकतात की मागे. त्याला पास द्यायला वेळ मिळवून देणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनविषयी पुढच्या आठवड्यात.