कॅश आयसा

कॅश आयसा हा युनायटेड किंग्डममधील करमुक्त बचत खात्याचा एक प्रकार आहे. 'इंडिव्हिज्युअल सेव्हिंग्ज अकाउंट' या नावाच्या आद्याक्षरांवरून 'आयसा' हे संक्षिप्त नाव रूढ झाले. या खात्यातील ठेवीवर मिळणाऱ्या व्याजावर प्राप्तिकर लागत नाही आणि ते कर विवरणपत्रात दाखवावेही लागत नाही. वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या व करदृष्ट्या तेथील रहिवासी असलेल्या व्यक्तीस हे खाते बँक, बिल्डिंग सोसायटी किंवा नॅशनल सेव्हिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट्स ही सरकारी बचतसंस्था यांच्याकडे उघडता येते. खाते एकट्याच्याच नावे असते. पती-पत्नींना संयुक्त खाते काढता येत नाही. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात सर्व प्रकारच्या आयसांत मिळून २०,००० पाउंडांपर्यंत रक्कम भरता येते. न वापरलेली मर्यादा पुढील वर्षात नेता येत नाही.

पार्श्वभूमी

१९९१ पासून ब्रिटनमध्ये 'टेसा' नावाचे करमुक्त बचत खाते होते. त्यात पाच वर्षांत ९,००० पाउंडांपर्यंत ठेव ठेवता येई, परंतु करमुक्तीसाठी मुद्दल पाच वर्षे तसेच ठेवावे लागे. समभागांतील गुंतवणुकीसाठी 'पेप' ही १९८७ पासूनची वेगळी योजना होती. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्या काळात ६ एप्रिल १९९९ रोजी या दोन्हींच्या जागी आयसा आला. प्रारंभी एकूण मर्यादा ७,००० पाउंड होती व त्यांपैकी ३,००० पाउंडच रोख स्वरूपात ठेवता येत. रोख आणि समभाग यांतील हा भेद जुलै २०१४ मध्ये काढून टाकण्यात आला. २०१७-१८ पासून मर्यादा २०,००० पाउंड आहे.

नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात हा भेद काही अंशी परत आणण्याचे जाहीर झाले. त्यानुसार एप्रिल २०२७ पासून ६५ वर्षांखालील व्यक्तीस कॅश आयसात वर्षाला १२,००० पाउंडच भरता येतील. २०,००० पाउंडांची एकूण मर्यादा मात्र कायम राहील.

करमुक्तीचा लाभ कोणास

खाते करमुक्त आहे एवढ्यावरून ते अधिक फायद्याचे ठरत नाही, कारण साध्या बचत खात्यावरील व्याजालाही ठरावीक मर्यादेपर्यंत कर लागत नाही. एप्रिल २०१६ पासून लागू असलेल्या 'वैयक्तिक बचत सवलती'नुसार मूळ दराने कर भरणाऱ्यास वर्षाला १,००० पाउंड आणि उच्च दराने कर भरणाऱ्यास ५०० पाउंड व्याज करमुक्त मिळते. १,२५,१४० पाउंडांहून अधिक उत्पन्न असलेल्या अतिरिक्त दराच्या करदात्यास ही सवलत नाही. ज्यांचे वेतन वा निवृत्तिवेतन १७,५७० पाउंडांपेक्षा कमी आहे, त्यांना याखेरीज कमाल ५,००० पाउंड व्याजावर शून्य दर लागू होऊ शकतो. अल्प उत्पन्न असलेल्या निवृत्तांना त्यामुळे कॅश आयसाची गरज बहुधा भासत नाही.

उदाहरणादाखल, साध्या खात्यावर ४.५ टक्के आणि कॅश आयसावर ४.२ टक्के दर मिळत आहे असे धरू. मूळ दराच्या करदात्याने १०,००० पाउंड साध्या खात्यात ठेवले तर त्याला ४५० पाउंड व्याज मिळते. त्याचे दुसरे व्याज नसेल तर ही सारी रक्कम सवलतीत बसते. आयसात त्याला ४२० पाउंडच मिळाले असते, म्हणजे करमुक्त खाते निवडून ३० पाउंडांचा तोटा झाला असता. उच्च दराच्या करदात्याने २०,००० पाउंड ठेवल्यास चित्र उलटते. साध्या खात्यावरील ९०० पाउंडांपैकी ५०० वजा जाता ४०० पाउंडांवर ४० टक्के दराने १६० पाउंड कर लागतो आणि हाती ७४० उरतात. आयसात ८४० मिळतात. सवलत नसलेल्या अतिरिक्त दराच्या करदात्याच्या हाती साध्या खात्यातून ४९५ पाउंडच येतात.

व्याजदर बदलला की हा हिशेबही बदलतो. दर १ टक्का असताना मूळ दराच्या करदात्याची सवलत संपण्यास एक लाख पाउंडांची ठेव लागते, तर ५ टक्के असताना २०,००० पाउंड पुरतात. बँक ऑफ इंग्लंडचा मूलदर मार्च २०२० मध्ये ०.१ टक्क्यावर होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर पोहोचला. या काळात सवलतीचे आकडे मात्र २०१६ चेच राहिले. स्वस्त व्याजाच्या वर्षांत निरुपयोगी वाटणारा आयसा पुढे अनेकांना आवश्यक वाटू लागला तो यामुळे.

आणखी एक बाब सहज लक्षात येत नाही. सवलतीखाली करमुक्त ठरलेले व्याजही एकूण उत्पन्नात मोजले जाते. ५०,००० पाउंड वेतन असलेल्या व्यक्तीस ६०० पाउंड व्याज मिळाले, तर तिचे उत्पन्न उच्च दराची ५०,२७० पाउंडांची सीमा ओलांडते आणि तिची सवलत १,००० वरून ५०० पाउंडांवर येते. आयसातील व्याज या मोजणीत धरले जात नाही. वेतन या सीमेच्या जवळ असल्यास किंवा बचत वर्षागणिक वाढत असल्यास, आज थोडा कमी दर पत्करूनही आयसा निवडणे सयुक्तिक ठरू शकते. कारण गेलेल्या वर्षाची मर्यादा पुन्हा मिळत नाही, तर एकदा आयसात गेलेली रक्कम तेथे असेपर्यंत करमुक्त राहते. एप्रिल २०२७ पासून व्याजावरील कराचे दर २२, ४२ व ४७ टक्के होणार असल्याचेही वरील अर्थसंकल्पात जाहीर झाले आहे.

खात्यांचे प्रकार

सहज रक्कम काढता येणाऱ्या खात्याचा दर बदलता असतो. जाहिरातीत ठळक दिसणाऱ्या दरात पुष्कळदा पहिल्या वर्षापुरता वाढीव भाग मिसळलेला असतो. तो संपल्यावर दर एकदम खाली येतो. मुदतीच्या खात्यात एक ते पाच वर्षांसाठी दर निश्चित असतो. साध्या मुदत ठेवीतून मुदतीपूर्वी पैसे काढणे अनेकदा अशक्य असते. आयसाच्या नियमांनुसार मात्र मुदतीच्या खात्यातूनही ते काढता येतात, पण काही महिन्यांचे व्याज दंड म्हणून कापले जाते. व्याज मासिक असो वा वार्षिक, तुलना 'एईआर' या वार्षिक समतुल्य दराने करावयाची असते.

खाते 'लवचिक' आहे किंवा नाही, हे रक्कम काढण्याची वेळ आल्यावर महत्त्वाचे ठरते. एखाद्याने वर्षात १२,००० पाउंड भरले आणि घरदुरुस्तीसाठी ५,००० काढले, तर लवचिक खात्यात त्याला त्याच करवर्षात आणखी १३,००० पाउंड भरता येतात. लवचिक नसलेल्या खात्यात ८,०००च भरता येतात. काढलेल्या रकमेपुरती मर्यादा खर्ची पडलेलीच राहते. ही सोय देणे बँकांवर बंधनकारक नाही.

पहिल्या घरासाठी वा निवृत्तीसाठी असलेला लाइफटाइम आयसा रोख स्वरूपातही मिळतो. त्यात वर्षाला ४,००० पाउंडांपर्यंतच्या भरण्यावर सरकार २५ टक्के भर घालते, परंतु अन्य कारणासाठी रक्कम काढल्यास २५ टक्के आकार लागतो. हा आकार भर घातलेल्या संपूर्ण रकमेवर असल्याने १,००० पाउंड भरणाऱ्याच्या हाती १,२५० ऐवजी ९३७.५० पाउंड येतात, म्हणजे मुद्दलातही घट होते.

हस्तांतर व संरक्षण

दर घसरल्यावर खाते दुसऱ्या बँकेत नेता येते. त्यासाठी नव्या बँकेचा हस्तांतर अर्ज भरावा लागतो; दोन कॅश आयसांमधील हस्तांतरास १५ कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक वेळ लागू नये, असा संकेत आहे. खातेदाराने स्वतः रक्कम काढून नव्या खात्यात भरली तर ते हस्तांतर न ठरता नवा भरणा ठरतो. अनेक वर्षांत साठलेली ५०,००० पाउंडांची रक्कम अशा रीतीने काढली, तर लवचिक नसलेल्या खात्याच्या बाबतीत तिच्यातील फार तर २०,००० पाउंड पुन्हा आयसात जाऊ शकतात.

बँक बुडाल्यास ठेव संरक्षण योजनेतून १ डिसेंबर २०२५ पासून प्रतिव्यक्ती, प्रतिबँक १,२०,००० पाउंडांपर्यंत भरपाई मिळते. तत्पूर्वी ही मर्यादा ८५,००० पाउंड होती. आयसासाठी वेगळी मर्यादा नाही. ती परवान्यागणिक मोजली जाते, त्यामुळे हॅलिफॅक्स व बँक ऑफ स्कॉटलंड ही नावे वेगळी असली तरी त्यांतील ठेवी एकत्र धरल्या जातात.

भारतातील कर

ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या भारतीयांना रहिवासी असेपर्यंत कॅश आयसात रक्कम भरता येते. देश सोडल्यावर खाते चालू ठेवता येते व त्यावरील ब्रिटिश करमुक्तीही टिकते. नवा भरणा मात्र, परदेशात नेमलेले सरकारी कर्मचारी वगळता, करता येत नाही. भारतात परतून 'रहिवासी व सामान्यतः रहिवासी' हा दर्जा प्राप्त झालेल्या व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र असते आणि भारतीय कायद्यात आयसाला सूट नाही. त्यामुळे हे व्याज भारतातील विवरणपत्रात दाखवावे लागते व परकीय मालमत्तेच्या परिशिष्टात खात्याची नोंदही करावी लागते.