अफवेचा बळी आणि आपला विवेक

माध्यमांच्या गदारोळात डोके ठिकाणावर ठेवावे, असा उपदेश हल्ली पुष्कळ छापून येतो. त्यात बहुधा सुखवस्तू वाचकाच्या मनःशांतीची काळजी असते. आपल्यासाठी हा प्रश्न मनःशांतीचा नाही. तो कोण जगणार आणि कोण मरणार याचा आहे.

१ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे जमावाने पाच माणसे ठार मारली. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतली होती. बहुतेक मंगळवेढ्याकडची, पोटासाठी मुलखावर भिक्षा मागत फिरणारी. मुले पळवणारी टोळी आली आहे, हा निरोप मोबाईलवरून त्या भागात आधीच फिरत होता. माणसे नंतर आली, त्यांचा निवाडा अगोदरच होऊन गेला होता. ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून त्यांना मारले गेले. आणि मारणारे कोण? कोणी सरंजामदार नव्हे, आदिवासी पाड्यांवरची माणसे. पालावरच्यांना पाड्यावरच्यांनी मारले. आपल्या विद्रोहाच्या भाषेत हे वाक्य सहजासहजी बसत नाही, म्हणूनच ते पुन्हा पुन्हा वाचले पाहिजे.

अशी अफवा चालते कशी? त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मूळ फीत कराचीतल्या एका बालसुरक्षा मोहिमेची होती. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. हा शेवट कोणीतरी कापला. म्हणजे नवे काही घडवावे लागले नाही. खऱ्याचे शेपूट तोडले की खोटे तयार होते. शिवाय निरोप येतो तो मामाकडून, मित्राकडून, त्यामुळे त्यावर शंका घेणे म्हणजे माणसावर शंका घेणे वाटते. त्यात फिरस्त्यांविषयीचा संशय गावाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या साठवलेला. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का पुसला गेला नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. संशयाला मात्र मर्यादा आणणारे यंत्र अजून निघायचे आहे.

पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे अशाच अफवेने दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा बळी घेतला. दूरचित्रवाणीवर लगेच त्याला धर्माचा रंग चढला. अखेर गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून, तीत एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. रोग एकच. एका मरणावर रात्रभर आरडाओरडा, दुसरे मरण दोन दिवसांत विस्मरणात. आपण तरी दोन्ही मरणे एकाच वहीत लिहावीत.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील निरक्षर. छापील कागदाला पाय लागला तर ते नमस्कार करीत. अक्षर खोटे बोलेल ही कल्पनाच त्यांना नव्हती. पण अक्षर खोटे बोलते, हे आपल्या समाजाने फार पूर्वीच अनुभवले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा काही वर्तमानपत्रांनी सुरुवातीला ती अनैतिक संबंधांची भानगड म्हणून छापली. खरे बाहेर आले ते गावात जाणाऱ्या, जबाब घेणाऱ्या, शवविच्छेदनाचे कागद तपासणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. त्यांचा संताप कमी नव्हता. पण संतापाबरोबर त्यांच्या पिशवीत कागद होते.

आज नेमके हेच सुटत चालले आहे. अत्याचाराची खरी बातमी, तिला जोडलेले दुसऱ्याच राज्यातले पाच वर्षांपूर्वीचे छायाचित्र, आणि वर ‘लगेच पुढे पाठवा’. ते छायाचित्र खोटे ठरले की समोरचा म्हणतो, अत्याचारही खोटाच. याची किंमत पुढे पाठवणारा देत नाही, ती त्या वस्तीतली बाई देते. बाबासाहेबांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांचेही तेच. शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले आहेत. तरीही ‘कोणता खंड, कोणते पान?’ असे विचारले की तरुण कार्यकर्ते मला सुनावतात, ‘सर, तुम्ही आपले की त्यांचे?’ मी आपलाच आहे, म्हणूनच पान विचारतो. जी बातमी वाचून आपल्याला बरे वाटते, ती मी दोनदा तपासतो. न आवडणारी तपासायला कोणाला शिकवावे लागत नाही.

याचा अर्थ तटस्थ राहा असा कोणी काढू नये. मार खाणारा आणि मारणारा यांना सारखी मिनिटे देणे म्हणजे समतोल नव्हे. बाजू घ्यावीच, पण घटना काय घडली हे बाजूवरून ठरवू नये.

वर्गात मी मुलांना आलेला निरोप वहीत उतरवून घ्यायला सांगतो. शेजारी रकाने : तारीख, गाव, मूळ सांगणारा कोण, आणखी कोणी सांगितले. बहुतेक रकाने कोरेच राहतात. मग निरोपात ज्या गावाचे नाव असेल, तिथल्या ओळखीच्या कुणाला तरी आम्ही फोन लावतो.