ओली असताना न दिसणारी रेघ

नगर हवेलीतल्या सिल्वासाहून खानवेलकडे निघालं की कारखाने हळूहळू मागे पडतात आणि साग सुरू होतो. हा वारली आदिवासींचा मुलूख. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात तलासरी आणि डहाणू, तिथेही वारलीच. नगर हवेलीवर १७८३ मध्ये पोर्तुगीजांचा अंमल बसला, १९५४ मध्ये तो उठला आणि १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात सामील झाला. एवढ्या काळात राज्यं बदलली, नकाशे बदलले. लग्नघरातल्या भिंतीवरचा चौक मात्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना राहिला.

हा चौक काढायचा मान सवासिनींचा. कारवीच्या काटक्यांचा कुड असतो. त्यावर माती आणि शेण लिंपायचं, वर गेरूचा हात फिरवायचा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूच्या काडीचं टोक चावून चावून त्याचा कुंचला करायचा. चौकटीच्या मध्ये पालघट देवी येते आणि लग्न लावणारी धवलेरी लग्नाची गाणी म्हणते.

यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. पिठाची रेघ ओढली त्या क्षणी ती जेमतेम दिसते. ओल्या रेघेत पिठाच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. प्रकाश कणातून पाण्यात आणि पाण्यातून कणात फारसा न वळता जातो आणि खालचा गेरू दिसत राहतो. पाणी सुकलं की त्या फटींत हवा शिरते. मग प्रकाश प्रत्येक कणाच्या कडेवर आपटून चहूकडे उधळतो आणि रेघ पांढरीशुभ्र उमटते. म्हणजे काढणारीला आपलं चित्र काढून झाल्यावर दिसतं! दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस, गोल म्हणजे डोकं, चौकोन म्हणजे चौक. इतके मोजके आकार का, याचं एक कारण मला इथे दिसतं: हाताला पाठ असलेलेच आकार अशा अर्ध्या अंधारात काढता येतात.

लग्न झालं की चौकाचं काम संपायचं. पुढे धुराने तो काळवंडायचा, पावसाळ्यात पोपडे धरायचा, पुन्हा लिंपला जायचा. जपून ठेवायचं ते चित्र नव्हे, तर ते काढायची रीत.

मग कागद आला. मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाचं काम करत. १९६६-६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात मंडळाच्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठवलं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांनी कागदावर काढावं, म्हणजे चार पैसे हाती येतील, हा हेतू. तेच कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डहाणू तालुक्यातल्या गंजाडला पोचले. तिथे त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. बायकांची मानली जाणारी ही कला या पुरुषाच्या हातात होती आणि लग्न असो नसो, ते रोज चित्र काढत. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली. १९८९ मध्ये ती पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पोचली आणि २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली.

भिंतीची जागा कागदाने घेतली, एवढ्यावर हे थांबलं नाही. कागद गुळगुळीत, त्यामुळे रेघ केसासारखी बारीक झाली. पांढरा पोस्टर रंग ओढताक्षणी दिसतो, त्यामुळे रेघेशेजारी रेघ बिनचूक बसवता येऊ लागली. मशे यांचं मासे धरण्याच्या जाळ्याचं चित्र पाहा: बारीक रेघांचं ते जाळं सगळा कागद व्यापतं आणि डोळ्यांसमोर हलू लागतं. चावलेल्या काडीने खडबडीत कुडावर हे जमलंच नसतं. देवीभोवतीची चौकट सुटली तशी शेतं, मुंग्या, पक्षी, आगगाडी सगळं आत आलं. लग्नापुरतं असलेलं चित्र टिकाऊ झालं, विकाऊही झालं, आणि त्याखाली सही आली. चौकावर सही कोण करणार?

जवळजवळ त्याच वेळी, १९७१ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पापुन्या इथे असंच घडत होतं. जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तिथल्या आदिवासी जाणत्यांनी जमिनीवरच्या आणि अंगावरच्या विधिचित्रांचे आकार फळ्यांवर उतरवले. पण जमिनीवरचं चित्र पुसलं जातं. फळी मात्र परक्यांच्या हाती जाते. तेव्हा बाहेर दाखवायच्या नाहीत अशा खुणा त्यांनी चित्रांतून कमी केल्या. जागा बदलली की काय दाखवायचं आणि कोणाला, हेही नव्याने ठरवावं लागतं.

वारल्यांनी कागदावर पालघट देवीपेक्षा तारप्याला जास्त जागा दिली, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. दुधी भोपळा आणि बांबू यांचं ते लांब वाद्य मध्ये वाजतं आणि त्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी गोगलगाईच्या शंखासारखी उलगडत जाते. त्या नाचात कोणीही सामील व्हावं. सिल्वासात आज तो नाच सरकारी भिंतींवर, हॉटेलांत, कपांवर दिसतो, बहुतेक ठिकाणी ॲक्रिलिकमध्ये. खेड्यांत कुडाच्या जागी सिमेंट आलं आहे, आणि सिमेंटवर शेणाचा थर कुडासारखा धरत नाही. भिंतीवर देवीचा चौक मात्र अजूनही लग्न ठरल्याशिवाय निघत नाही.