राधानगरीची नाचणी, शिरोलीत पॅकिंग

1958 पासूनचं आपलं राधानगरी अभयारण्य गव्यांचं. तिथल्या गावांत मालकीची नाचणीची शेतं आहेत. पण कळप शिरला की उभं पीक एका रात्रीत जातं. राखण परवडेना, की तुकडा पडीक पडतो. म्हणून राखणीची मजुरी धरून भाव द्या, तोही पेरणीआधी ठरवून. शेणखतावर पिकणारी नाचणी मग पुन्हा पेरली जाईल.

निवडणं, दळणं, पॅकिंग मात्र शिरोलीत. अभयारण्यात शेड टाकायच्या भानगडीत पडूच नका.

आता हिशेब. समजा, 60 रुपयांनी 100 किलो घेतली, निवडताना 10 किलो गेली. म्हणजे किलोला 66.67 रुपये पडले. वाहतूक, दळण, पिशवी त्यावर. इथंच बरेच जण फसतात!

एफएसएसएआय नोंदणी विक्रीआधी. पिशवीवर गावाचं नाव छापणार असाल, तर प्रत्येक गावची पोती वेगळी ठेवा.