सहाव्याची सुट्टी आणि अडतिसाव्याचे तास

विमान कंपनीत वैमानिकाला एकेक उड्डाण वाटून देत नाहीत. आधी ‘पेअरिंग’ बांधतात: घरच्या तळावरून निघायचं, दोन-चार उड्डाणं, परगावी हॉटेलात मुक्काम, आणि पुन्हा त्याच तळावर परत. अशा पाच-सहा पेअरिंग आणि मधल्या सुट्ट्या महिन्यात बसवल्या की रोस्टर तयार.

उत्तर अमेरिकेत पूर्वी कंपनी तयार रोस्टर मांडायची आणि वैमानिक सेवाज्येष्ठतेनुसार एकेक उचलायचे. तयार कपड्यांसारखं, जे बसेल ते. पसंतीच्या पद्धतीत मात्र मापाने शिवून मिळतं. वैमानिक कळवतो: ‘१ जानेवारीला सुट्टी. सकाळी सहाच्या आत हजेरी नको. मुक्काम लंडनला असेल तर उत्तम.’

समोर शंभर पेअरिंग आणि निवडायच्या पाच, तर जुळण्या होतात ७,५२,८७,५२०. कित्येकींच्या तारखा एकमेकींवर चढतात, त्या गळतात. तरी हा एकाच माणसाचा हिशेब.

खरी मेख पुढेच आहे. समजा, तळावर ४० वैमानिक आहेत आणि १ जानेवारीला ३२ हवेत. म्हणजे सेवाज्येष्ठतेच्या यादीतल्या पहिल्या आठांना सुट्टी? नाही. यादीतल्या शेवटच्या तिघांनी नाताळची गर्दी उडवून काढली आहे, आणि अमेरिकेच्या नियमाप्रमाणे सलग २८ दिवसांत १०० तासांपलीकडे उडता येत नाही. त्यांचे तास भरले. मागणाऱ्यांपैकी सुट्टी पहिल्या पाचांनाच उरते. सहाव्याची सुट्टी अडतिसाव्याच्या तासांत अडकली आहे, आणि दोघांची कदाचित ओळखही नसेल! पहिल्याचं मन राखतानाच शेवटच्याचा महिना जुळतोय ना, हे पाहावं लागतं.

एअर कॅनडासाठी ही गाठ मॉन्ट्रियलच्या मिशेल गमाश, फ्रान्स्वा सूमिस आणि सहकाऱ्यांनी सोडवली. त्यांचा लेख १९९८ मध्ये ‘ट्रान्सपोर्टेशन सायन्स’मध्ये आला. मला त्यातली युक्ती फार देखणी वाटते. ज्याची पाळी, त्याचं रोस्टर पक्कं, पूर्णांकात. त्याच्या खालच्यांचं मात्र तूर्त अपूर्णांकात: अर्धी पेअरिंग एकाला, अर्धी दुसऱ्याला. असा सैल हिशेबही जमत नसेल, तर ज्येष्ठाचं रोस्टर बदलायचं.

सैल हिशेब कधी फसवतो. अर्धी पेअरिंग कुणी उडवत नाही. म्हणून २००७ मध्ये गमाश आणि सहकाऱ्यांनी आलेख रंगवण्याचं गणित आणलं. प्रत्येक पेअरिंग एक ठिपका, तारखा भिडणाऱ्या ठिपक्यांना जोडणारी रेघ, प्रत्येक वैमानिक एक रंग. जोडलेल्या ठिपक्यांना एकच रंग द्यायचा नाही. रंग अपुरे पडले, तर वरच्या कुणाचा तरी महिना उसवून पुन्हा शिवावा लागतो.