जुनी पेटी पावसाळ्यात पारखावी

महाड-पोलादपूर भागात जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, विकत घ्यायला निघालात, तर सुराच्या आधी पाण्याचा प्रश्न विचारावा. २२ जुलै २०२१ रोजी ही पेटी कुठे होती? त्या दिवशी सावित्री आणि गांधारीच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली, तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. २००५ च्या जुलैतही या शहरानं पूर सोसला होता. भजनी मंडळाचं सामान बहुधा देवळात किंवा समाजमंदिरात, म्हणजे जमिनीलगतच असतं. टाळ धुऊन पुसून पुन्हा वाजवता येतात, पखवाजाला नवी पुडी चढवता येते. पेटीचं तसं नाही. तिच्यात लाकूड, चामडं, पुठ्ठा, सरस, पितळ आणि लोखंड एकत्र नांदतं, आणि पाणी प्रत्येकाला वेगळ्या तऱ्हेनं बिघडवतं.

पुरातून निघालेली पेटी टाकाऊच असते, असं मात्र नाही. नीट वाळवून, चामडं बदलून ती पुन्हा वाजती करता येते. विकणारा फसवतोच आहे असंही समजू नये. मधे दोन हात बदलले असतील तर त्यालाही काही ठाऊक नसेल. म्हणून सांगण्यावर न जाता पेटी उघडून पाहावी. वरची फळी काढली की आतल्या कोपऱ्यांत बोट फिरवा. गाळ सुकल्यावर मातकट रेघ राहते आणि ती सहसा कुणी पूर्ण पुसत नाही. स्क्रू गंजलेले आहेत का, की जुन्या पेटीत सगळेच नवे आहेत? प्लायवूडचे पदर फुगून सुटलेत का? भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांवर, जिथे कापड आणि चामडं सरसानं चिकटवलेलं असतं, तिथे नवी चिकटपट्टी दिसते का? भाता वाळला तरी कुबट वास राहतो, तेव्हा नाकही वापरावं. आणि बाहेरून ताजं चकचकीत पॉलिश असेल तर ते कशासाठी केलं, हे जरूर विचारावं.

या भागात पेटीला गिऱ्हाईक कमी नाही. बिरवाडीच्या बाजूला औद्योगिक वसाहतीत पाळी करून आलेला माणूस संध्याकाळी हरिपाठाला बसतो. पोलादपूर तालुक्यात कापड्यापासून उमरठपर्यंत गावोगाव भजन चालतं, आणि गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की आवाज दुप्पट होतो. नवी चांगली पेटी वर्गणीतून घेणं छोट्या मंडळाला जड जातं. मग मोठ्या मंडळानं काढलेली, कुणा बुवांच्या घरची किंवा मोबाइलवर फोटो पाहून ठरवलेली जुनी पेटी येते. फोटोत सूर ऐकू येत नाही, आणि पेटीची किंमत तर सुरांतच असते.

सूर म्हणजे पितळेच्या जाड पट्टीवर एका टोकाशी रिबीट मारून बसवलेली पातळ पितळी जीभ. भात्याचा वारा तिच्याखालून जातो आणि ती थरथरते. सूर चढवायचा तर कारागीर जिभेचं टोक घासतो, उतरवायचा तर बूड घासतो. दोन्ही वेळा धातू कमी होतो आणि घासलेलं पितळ परत येत नाही. म्हणूनच ‘दरवर्षी ट्यूनिंग केलंय’ हे वाक्य ऐकून मी खूश होत नाही. सूर दिसत असतील तर त्यांच्या बुडाशी पाहावं. तिथे खोल ओरखडे असतील, जीभ खपाटीला गेली असेल, तर त्या सुराचं आयुष्य थोडंच राहिलेलं आहे. बाकी पेटी सुरात असून एकच सूर बराच खाली गेला असेल, तर जीभ बुडाशी तडकली असल्याचा संशय घ्यावा. तसा एकटा सूर बदलता येतो. नुसती करकर ऐकू आली तर घाबरू नये. बऱ्याचदा फटीत कचरा अडकलेला असतो.

पितळ कळकलेलं असेल तर ते किती, हे पाहावं. काळवंडलेला रंग वयाचा असतो आणि त्यानं बिघडत नाही. जिभेच्या कडेला हिरवी भुकटी धरली असेल, तर ओल आत बराच काळ मुक्कामाला होती. कोकणातल्या दमट हवेत असं घडायला पूर यावा लागत नाही. देवळाच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेली पेटी दोन-तीन पावसाळ्यांत त्या दशेला पोचू शकते.

मूळचे सूर कुठले, यावर किंमत फार ठरते. भारतीय पेट्यांत गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर मोठ्या प्रमाणावर बसवले जातात आणि त्यांतले चांगले सूर खरोखर चांगले असतात. जुन्या पेट्यांत जर्मनीचे किंवा पॅरिसचे सूर सापडतात. त्यांच्या गोलाईवर जाणकार जीव टाकतात. पण ‘जर्मन सूर’ हे शब्द जुन्या बाजारात फार सैल वापरले जातात. नावाला पैसे देऊ नयेत, कानाला पटलं तर द्यावेत.

तपासणी अशी करावी. आधी सुरांना वारा सोडणारा फक्त एक खटका उघडा ठेवून खर्जापासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी वाजवावी, एकदा हलक्या दमानं आणि एकदा जोरात. हलक्या वाऱ्यावर खर्ज उशिरा बोलत असेल तर तो गायकाच्या मागे पडणार. मग दुसरा खटका. मग दोन्ही एकत्र: खर्ज आणि नर (खर्जाच्या वरच्या सप्तकाचे) सूर एकमेकांशी जुळत नसतील तर आवाजात लाटा उठतात. त्यानंतर आतला भाता पूर्ण भरावा, खटके उघडे ठेवावेत आणि एकाही पट्टीला हात लावू नये. भाता सावकाश बसला पाहिजे. झपकन बसला तर वारा कुठेतरी निसटतो आहे; फुसफुस ऐकून जागा शोधावी. आपोआप एखादा सूर वाजू लागला तर त्या पट्टीखालचं झाकण नीट बसत नाही. भात्याचं चामडं उंदीर खातात, लाकूड वाळवी खाते. यातलं चामडं बदलता येतं. वाळवीनं पोखरलेली फळी दिसली की मी तरी सौदा तिथेच थांबवीन.

मग काळी-पांढरीचा हिशोब. आज पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ, असं धरून कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरे येतात. जुन्या पेटीचे सगळेच सूर सारखेच चढे किंवा उतरलेले असू शकतात. मोबाइलवरच्या ट्यूनरनं हे दोन मिनिटांत कळतं. पेटी एकटी वाजणार असेल तर फरक चालून जातो, पण मंडळात कीबोर्ड असेल तर सगळे सूर पुन्हा घासावे लागतील आणि मघाचा बुडाचा प्रश्न पुन्हा येईल. एखादी पेटी ट्यूनरवर चुकलेली दिसते, तरी एका पट्टीत गोड लागते, हेही ध्यानात ठेवावं. समान अंतरांनी लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा चांगलाच चढा असतो, म्हणून कानानं लावणारे काही कारागीर तो उतरवत. तुमचे बुवा काळी दोनमध्ये गात असतील आणि पेटी त्याच पट्टीसाठी लावलेली असेल, तर ती त्यांच्यासाठी ठेवाच. म्हणून सौद्याला गाणारा माणूस बरोबर न्यावा.

भावाकडे वळण्याआधी थोडा इतिहास. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातानं भाता मारायची पेटी घडवली. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवलं. त्या तीन दशकांतही भजनी मंडळांनी तिला सोडलं नाही. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला, पण तिचं खरं कष्टाचं आयुष्य देवळातच गेलं. त्यामुळे आपल्याकडची जुनी पेटी जास्त झिजलेली असते, आणि तिचा भाव शहरातल्या दिवाणखान्यात बसलेल्या पेटीसारखा लावून चालत नाही.

भाव लावताना त्याच दर्जाच्या नव्या पेटीची किंमत घ्यावी, तीतून सुरांची दुरुस्ती, भाता, चामडं आणि नेण्या-आणण्याचा खर्च वजा करावा, आणि उरलेल्या रकमेच्या बऱ्याच खाली बोलणी सुरू करावीत. केवळ वयासाठी किंमत पाडू नये. मुरलेलं सागवान आणि न घासलेले सूर असतील तर जुनी पेटी नव्या स्वस्त पेटीपेक्षा जास्त मोलाची आहे. दिंडीत गळ्यात अडकवून उभ्यानं वाजवायची असेल तर मात्र सागवानाचं वजन आधी उचलून पाहावं.

आणि सौदा मे महिन्यात करू नये. उन्हात वाळलेली पेटी सुरळीत वाजते, पट्ट्या मोकळ्या पडतात. लाकूड फुगून कुठली पट्टी अडकते, कुठे सांधा सुटतो, हे आषाढ-श्रावणातच उघड होतं. अडचण एवढीच की तेव्हा गणपती तोंडावर असतात, विकणारा भाव चढवतो आणि कारागिराकडे रांग लागते. त्यासाठी आदल्या पावसाळ्यात पेटी पाहून ठेवावी, बोलणी दिवाळीनंतर करावीत. घरी आणल्यावर काही आठवडे तिला इथली हवा लागू द्यावी, आणि सूर लावायला मगच द्यावी.